थेंब खाली, गळती वर: जुन्या मोटारीचे इंजिन ऑइल कुठून आणि का गळते

सकाळी गाडी बाहेर काढली की रात्रभरात जमिनीवर उमटलेला काळसर डाग दिसतो, आणि पंधरा-वीस वर्षे चाललेल्या मोटारीच्या मालकाला हा डाग काही नवा नसतो. तो वाकून गाडीखाली पाहतो, तेव्हा इंजिनाच्या सगळ्यात खालच्या भागात, म्हणजे तेल साठवणाऱ्या भांड्याच्या तळाशी, एक थेंब लोंबकळत असतो. साहजिकच गळती त्या भांड्यातूनच आहे असे ठरते. गॅरेजमध्ये ज्याला चेंबर म्हणतात त्या भांड्याचे पॅकिंग बदलले जाते, आठ दिवस जमीन कोरडी राहते, आणि नवव्या दिवशी डाग पुन्हा आपल्या जागी हजर होतो. छताला पडलेली भेग एकीकडे असते आणि भिंतीवरची ओल दुसरीकडे उमटते, तसाच हा प्रकार आहे. तेल वरच्या एखाद्या सांध्यातून बाहेर पडते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, वाटेत धूळ गोळा करते, गाडी चालू असताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी सर्वांत खालच्या टोकाशी थेंब होऊन लोंबते. गळतीची दुरुस्ती पुष्कळदा सोपी असते. अवघड असतो तो तिचा उगम शोधणे, आणि तो सांधा आत्ताच का सुटला हे ओळखणे.

डाग नेमका कसला आहे?

गाडीखाली पडणारे प्रत्येक द्रव इंजिन ऑइल नसते, आणि ही खात्री करून घ्यायला फार वेळ लागत नाही. इंजिन ऑइल नवे असताना सोनेरी आणि वापरलेले असताना तपकिरी किंवा काळे दिसते, बोटांत चोळल्यास बुळबुळीत लागते आणि पाण्यात मिसळत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर असते, आणि पुष्कळ गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तसेच लाल तेल वापरलेले असते. रेडिएटरचे कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते व सुकल्यावर मागे खपली ठेवते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. हा वास लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, पातळ द्रव ओघळलेले दिसले, तर ते ब्रेक ऑइल असू शकते, आणि त्याचा उलगडा होईपर्यंत गाडी हलवू नये. एसी चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी आहे.

रात्री गाडीखाली फिकट रंगाचा मोठा पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने नोंदवून ठेवाव्यात. सकाळी थेंब इंजिनाच्या पुढे पडला की मागे, डावीकडे की उजवीकडे, आणि एकाच जागी की दोन जागी, हे त्यावरून समजते. उगम यातून कळत नाही, पण तपासाची दिशा मिळते.

तेल इंजिनात फिरते कसे?

उंच इमारतीतील पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणावी. तळाच्या टाकीतले पाणी पंप दाबाने वर चढवतो, आणि वापरून झालेले पाणी उतरत्या नळांतून आपल्या वजनाने खाली येते. इंजिनातही तळाच्या चेंबरमधून पंप तेल उचलतो, फिल्टरमधून गाळून बारीक वाहिन्यांनी पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, बेअरिंगपर्यंत आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो, व तिथून ते वाहत पुन्हा चेंबरमध्ये येते. इंजिन तापलेले व मंद गतीत असताना या दाबाच्या वाहिन्यांत साधारण १ बार आणि वेगात असताना ३ ते ५ बार दाब असतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब बहुधा २ ते २.५ बार असतो, यावरून अंदाज यावा.

गळतीच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. दाबाच्या बाजूचा सांधा सुटला, उदाहरणार्थ तेलाच्या फिल्टरचे रबर किंवा दाब मोजणारा ऑइल स्विच, तर इंजिन चालू असताना तेल जोराने बाहेर येते आणि इंजिन बंद होताच थांबते. अशा गाडीखाली रात्री फारसा डाग पडत नाही, पण प्रवासात तेल झपाट्याने कमी होते. उलट परतीच्या वाटेवरचा सांधा, म्हणजे वरचे टॅपेट कव्हर किंवा खालचे चेंबर, हळूहळू पाझरतो आणि गाडी उभी असतानाही पाझरत राहतो. म्हणून डागाच्या आकारावरून गळतीचे गांभीर्य ठरवणे चुकीचे आहे. साधारण २५ थेंबांचे १ मिलिलिटर होते असे धरले, तर रात्रभरात पडलेले २५ थेंब फरशी चांगलीच काळी करतात, पण रोज तेवढे गेले तरी वर्षाला अर्धा लिटरही भरत नाही. तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक हीच खरी साक्षीदार आहे.

सांधे बंद कसे ठेवलेले असतात?

इंजिन एका अखंड धातूच्या तुकड्याचे नसते. त्याचे अनेक भाग बोल्टने एकमेकांना जोडलेले असतात आणि दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही सपाट केले तरी त्यांच्यात सूक्ष्म फट राहतेच. ती भरून काढणारी पातळ चकती म्हणजे गॅस्केट, जिला बोलण्यात पॅकिंग म्हणतात. जुन्या इंजिनांत ती बूच किंवा कागदाची असे, नंतरच्या इंजिनांत बहुधा रबराची असते. जिथे धातूचा दांडा इंजिनाच्या भिंतीतून बाहेर येऊन फिरत असतो, तिथे पॅकिंग चालत नाही; तिथे ऑइल सील लागते. त्याचा रबरी ओठ फिरत्या दांड्याला हलकेच टेकलेला असतो व बहुतेक प्रकारांत त्या ओठामागे बारीक गोल स्प्रिंग त्याला दाबून धरते. छोट्या गोल जागांसाठी, उदाहरणार्थ स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या किंवा डिपस्टिकच्या नळीच्या तळाशी, गोल छेदाची रबरी रिंग असते, तिला ओ-रिंग म्हणतात. एवढे तीन शब्द पुरेसे आहेत.

या तिघांचे म्हातारपण स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या रिंगसारखे असते. नवी रिंग मऊ आणि लवचीक असते. वापराने ती कडक होते, चपटी होते, आणि झाकण कितीही घट्ट बसवले तरी कडेने वाफ निसटू लागते. इंजिनातले तेल प्रवासात बहुधा ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि जुन्या गाड्यांत सर्रास वापरले गेलेले नायट्राइल रबर साधारण १०० ते १२० अंशांच्या पुढे फार काळ तग धरत नाही. उष्णतेने रबरातली लवचीकता जाते आणि दाबून धरलेला आकार त्याच्यात कायमचा रुजतो. फिरत्या दांड्याच्या बाबतीत आणखी एक झीज असते. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या करत असेल, तर तासाभरात सीलच्या ओठाखालून दांडा दीड लाख वेळा फिरतो. अनेक वर्षांत ओठ झिजतोच, शिवाय तेलातल्या धुळीमुळे पोलादी दांड्यावरही त्याच जागी चर पडतो, आणि मग नवे सील बसवूनही गळती थांबत नाही.

श्वास कोंडलेले इंजिन

बहुतेक लोकांना, आणि काही कारागिरांनाही, न सुचणारे कारण इथे आहे. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या मिश्रणाचा थोडासा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली निसटून क्रँकशाफ्टच्या पोकळीत येतो. नव्या इंजिनात तो कमी असतो, झिजलेल्या इंजिनात जास्त. त्याला बाहेर वाट दिली नाही, तर पोकळीत दाब वाढतो आणि तो दाब मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. पूर्वीच्या मोटारींत हा वायू एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जात असे. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपासून तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत ओढून जाळण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्यासाठी लागणाऱ्या छोट्या झडपेला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात.

ही झडप किंवा तिची नळी काजळीने तुंबली, की कुकरची शिट्टी अडकल्यासारखी स्थिती होते. अशा वेळी एक पॅकिंग बदलले, तर तेल पुढच्या दुर्बळ सांध्यातून निघते. ते बदलले, तर तिसऱ्यातून. एकाच गाडीत अल्पावधीत तीन-चार ठिकाणी गळती सुरू झाली असेल, तर सांध्यांना दोष देण्याआधी हा श्वासमार्ग तपासावा. तपासणीची घरगुती पद्धत अशी: इंजिन मंद गतीत चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे आणि त्या तोंडावर कागदाचा तुकडा धरावा. कागद हलकेच आत ओढला गेला किंवा शांत राहिला तर ठीक. तो सतत वर उडत असेल आणि तोंडातून धाप लागल्यासारखे फुत्कार येत असतील, तर एक तर मार्ग तुंबला आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. काही इंजिनांत झाकण उघडताच तेलाचे शिंतोडे उडतात, म्हणून चेहरा दूर ठेवावा. पीसीव्ही झडप बहुतेक गाड्यांत हाताने काढता येते आणि जुन्या धाटणीची झडप हलवल्यावर आत खुळखुळली पाहिजे. निळसर धूर सोडणाऱ्या, रिंगा झिजलेल्या इंजिनाचे सगळे सील बदलूनही पूर्ण समाधान मिळत नाही, हे आधीच मान्य करावे.

शोध वरून खाली, पुढून मागे

काळ्या चिखलाने माखलेल्या इंजिनात उगम शोधणे म्हणजे पावसात भिजलेल्या माणसाच्या अंगावर घाम शोधणे. म्हणून पहिली पायरी धुण्याची. इंजिन थंड असताना आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, हवेचे तोंड आणि विजेचे जोड प्लास्टिकने झाकावेत, तेलकटपणा काढणारे रसायन लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, ब्रशने घासावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोरदार फवारा मारल्यास पाणी नको तिथे शिरते आणि गळतीच्या जोडीला बंद पडणारी गाडी पदरी येते. इंजिन पूर्ण वाळल्यावर दहा-वीस किलोमीटर फेरी मारावी व लगेच टॉर्च घेऊन पाहावे. आता जी ओल दिसेल ती ताजी असेल. तिच्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. खालचे आणि मागचे सगळे हा तिचा ओघळ समजायचा.

पाझर इतका सूक्ष्म असेल की एवढ्याने कळत नसेल, तर दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे वाळलेल्या, स्वच्छ भागावर टाल्कम पावडरचा पातळ थर उडवणे; तेल जिथून फुटते तिथे पावडरवर गडद रेषा उमटते. दुसरी म्हणजे तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळणे. ते नेहमीच्या उजेडात दिसत नाही, पण अतिनील टॉर्चच्या प्रकाशात पिवळे-हिरवे चमकते. इंजिन काही वेळ चालवून अंधारात टॉर्च फिरवला, की तेलाची वाट नदीच्या उगमापर्यंत जावे तशी उलटी चालत जाता येते. आपल्याला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण तीत तर्काला फारसा वाव उरत नाही.

प्रस्तुत लेखकाने एका जुन्या मोटारीच्या चेंबरचे पॅकिंग दोनदा बदलले होते, आणि दोन्ही वेळा ते काम नीटच झाले होते. तेल मात्र त्याच्या वीतभर वर बसवलेल्या ऑइल स्विचच्या प्लास्टिकमधून, तारेच्या टोपणातून येत होते. स्विच बदलायला वीस मिनिटे लागली. त्याआधी गेलेल्या दोन सुट्ट्यांचा हिशेब न केलेला बरा.

पहिला संशयित: टॅपेट कव्हर

इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण म्हणजे टॅपेट कव्हर. ते सर्वांत वर असल्याने त्याचे तेल सगळ्या इंजिनावरून ओघळते आणि सगळ्यांवर आळ आणते. त्याच्या मागच्या बाजूने गळणारे तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी येऊन थेंबते, आणि मग क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले असे निदान होऊन गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत मजल जाते. स्पार्क प्लग ज्या विहिरींत बसतात त्यांच्या रिंगा कव्हरखालीच असतील, तर तेल त्या विहिरींत साचून इंजिन झटके देऊ लागते. प्लग काढताना त्याचे वरचे टोक तेलाने निथळत असेल, तर हेच कारण समजावे. एक्झॉस्टच्या बाजूने गळत असेल, तर गाडी थांबवल्यावर जळक्या तेलाचा वास आणि थोडा धूर येतो. इंजिन ऑइल पेट घेण्याइतकी वाफ साधारण २०० अंशांच्या पुढे सोडते आणि एक्झॉस्टचा धातू चढावर त्याहून कितीतरी अधिक तापतो, म्हणून या बाजूची गळती लांबणीवर टाकू नये.

दुरुस्ती कोणालाही जमेल अशी आहे, पण ती घाईची नाही. कव्हर काढल्यावर जुने पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीने काढावे. ॲल्युमिनियमवर पोलादी पाते चालवले की उठणारा ओरखडा हीच पुढची गळती असते. फार जुन्या गाड्यांच्या काही पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे खरवडून किंवा तारेच्या ब्रशने घासून धूळ उडवू नये, ओले करून काढावे. पत्र्याचे कव्हर असेल तर ते सपाट काचेवर ठेवून पाहावे, कारण पूर्वी कोणी बोल्ट जोरात आवळले असतील तर बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा खाली दबलेला असतो. लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीने तो सरळ होतो. दोन्ही पृष्ठभाग कोरडे व तेलमुक्त करून नवे रबरी पॅकिंग कोरडेच बसवावे. कॅमशाफ्टच्या टोकाशी जिथे पृष्ठभागाला पायरी किंवा अर्धगोल असतो, तेवढ्याच कोपऱ्यांत सिलिकॉनचा छोटा ठिपका द्यावा.

बोल्ट मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पुष्कळ कव्हरांसाठी ५ ते १० न्यूटन मीटर एवढाच जोर सांगितलेला असतो. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ५ किलो वजन टांगले, तर साधारण १० न्यूटन मीटर जोर पडतो; म्हणजे मनगटाचा जोर पुरतो, खांद्याचा लागत नाही. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तो पाळण्यासाठी टॉर्क रेंच नावाचा, जोर मोजणारा पाना मिळतो.

इतर ठिकाणे

तेलाच्या फिल्टरची गळती बहुधा शेवटच्या सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेली असते. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रबरे एकमेकांवर घसरतात आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊ शकते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावून, तो टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरी आवळावा. जुने तेल काढण्यासाठी चेंबरच्या तळाशी असलेल्या ड्रेन प्लगचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो, तो दर वेळी बदलावा. प्लग आवळत राहिल्यास वॉशरऐवजी चेंबरचे आटे जातात, आणि मग साध्या कामाचे अवघड काम होते.

चेंबरचे पॅकिंग वरचे सगळे निर्दोष ठरल्यावरच उघडावे. इथे लोक सिलिकॉनचा मुबलक लेप देतात, आणि तो दिसायला भक्कम वाटतो, पण दाबल्यावर जेवढा बाहेर दिसतो तेवढाच आतही आलेला असतो. आतला तुकडा सुटून पंपाच्या जाळीवर बसला, तर गळती थांबते आणि इंजिनच जाते. दोन-तीन मिलिमीटर जाडीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि तेल भरण्याआधी डब्यावर सांगितलेला वेळ, जो पुष्कळदा २४ तासांपर्यंत असतो, एवढे पुरे. गाडीखाली शिरायचे असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. सपाट जमीन, चाकांना अडण आणि भक्कम स्टँड यांशिवाय कोणीही खाली जाऊ नये.

इंजिनाच्या पुढच्या बाजूची क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टची सील कॅमशाफ्टला फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टच्या आड असतात. या तेलाने रबरी बेल्ट फुगतो व लवकर तुटतो, आणि कित्येक इंजिनांत बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून बेल्ट बदलताना ही सील बदलणे शहाणपणाचे असते, कारण उघडण्याची मेहनत तशीही झालेली असते. साध्या रबरी सीलच्या ओठाला तेल लावून ते सरळ आत सरकवावे. टेफ्लॉनचा ओठ असलेली सील मात्र कोरडीच बसवायची असतात. दांड्यावर चर पडला असेल, तर त्यावर पातळ पोलादी बाही चढवता येते, किंवा जागा असल्यास सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठाला नवा पृष्ठभाग देता येतो.

तेल घालत राहिलो तर काय बिघडते?

दर दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल, तर तासाला ३६० थेंब, म्हणजे साधारण १५ मिलिलिटर तेल जाते. डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणांमध्ये पुष्कळ गाड्यांत सुमारे १ लिटरचे अंतर असते, त्यामुळे वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायला इंजिन ६५-७० तास चालावे लागेल. तेवढ्यात मालक दोन-चार वेळा डिपस्टिक पाहणार असेल, तर इंजिनाला धोका नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धोका न पाहणाऱ्याला आहे. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा पंप हवा ओढू लागलेला असतो, आणि बेअरिंगला इजा व्हायला त्यानंतर फार वेळ लागत नाही. दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करणे, एवढेच तेव्हा हाती असते. शिवाय गळलेले तेल इंजिन ज्यांवर टेकलेले असते त्या रबरी माउंटना फुगवते, क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो, आणि रस्त्यावर पडलेले तेल दुचाकीस्वाराच्या जिवावर उठते.

दाट तेल किंवा गळती थांबवणारे औषध का वापरू नये?

दाट तेल फटीतून थोडे कमी वाहते हे खरे आहे, पण कडक झालेले रबर त्याने मऊ होत नाही, आणि थंड इंजिन सुरू करताना तेच दाट तेल वरपर्यंत उशिरा पोचते. कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाटपणाच्या मर्यादेत वरचा पर्याय निवडणे इतपतच ते योग्य आहे. तेलात घालायची औषधे रबर किंचित फुगवून मऊ करतात. कडक झालेल्या सीलवर त्यांचा काही काळ उपयोग होतो. फाटलेल्या पॅकिंगवर, चर पडलेल्या दांड्यावर किंवा तुंबलेल्या पीसीव्ही झडपेवर होत नाही. जुन्या इंजिनांसाठी विकल्या जाणाऱ्या तेलांत अशीच द्रव्ये मोजून घातलेली असतात, त्यामुळे प्रयोगच करायचा असेल तर वेगळ्या बाटलीपेक्षा ती बरी.

सिंथेटिक तेल घातले आणि गळती सुरू झाली, ही तक्रारही जुनी आहे. सिंथेटिक तेलांच्या सुरुवातीच्या काळात काही तेलांनी सील आकसत असत, हे खरे आहे. पुढे उत्पादकांनी त्यांत एस्टर वर्गातील द्रव्ये मिसळून तो दोष दूर केला. आज असे घडले, तर बहुधा नव्या तेलातील स्वच्छक द्रव्यांनी सांध्यावर साचलेला गाळ धुऊन काढलेला असतो. त्या गाळानेच फट बुजवलेली होती, म्हणजे सील आधीच गेलेले होते.

जुनी गाडी म्हटल्यावर थोडे गळणारच ना?

काही इंजिनांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. मॉरिस मायनरमधील ए-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ओठाचे सील नसून दांड्यावर स्क्रूसारखी खाच कोरलेली असे. दांडा फिरताना ती खाच तेलाला आत परत ढकलत राही. इंजिन थांबले की ढकलणे थांबे, आणि झीज झालेल्या इंजिनातून चार थेंब खाली येत. त्याच काळातील इतर काही इंजिनांत तेलात भिजवलेली दोरी सीलचे काम करी. अशा गाडीच्या मालकाने पुठ्ठ्याशी मैत्री करावी. परंतु ओठाची सील असलेल्या नंतरच्या काळातील गाड्यांना हा युक्तिवाद लागू नाही. नुसती ओल असेल आणि थेंब पडत नसेल, तर नोंद ठेवून वाट पाहावी. थेंब पडत असेल, तर कारण शोधण्यासारखे आहे.

मागच्या सीलचा कठीण प्रश्न

क्रँकशाफ्टचे मागचे सील ही स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यापर्यंत पोचण्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. म्हणून या निदानावर होकार देण्याआधी मालकाने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. टॅपेट कव्हरची मागची बाजू आणि डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग कोरडी असल्याचे पाहिले आहे का? इंजिनाच्या मागच्या भिंतीवर वरून ओघळ येत नाही ना? पीसीव्हीचा मार्ग मोकळा आहे ना? आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधून पडणारे तेल हुंगून पाहिले का, कारण त्याला गंधकाचा वास असेल तर दोष इंजिनाचा नसून गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा असतो.

या चारही प्रश्नांची उत्तरे मिळूनही संशय मागच्या सीलवरच राहिला आणि गळती डिपस्टिकवर फारशी दिसत नसेल, तर क्लच बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबता येते, मात्र क्लच घसरू लागला की थांबू नये. गिअरबॉक्स उतरलाच, तर मागचे सील, गिअरबॉक्सचे पुढचे सील आणि क्लचचे बेअरिंग एकाच वेळी बदलून घ्यावीत. काम झाल्यावर इंजिन पुन्हा एकदा धुवावे, दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन तीच वरून खालची फेरी मारावी, आणि त्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली सरकवावा.